उस्तादच्या सावलीतला हात

बस रे निवांत. तुझा नंबर यायला अजून वेळ आहे. तोवर या दुकानाचीच एक गोष्ट ऐकवतो. ऐकून पळून मात्र जायचं नाही.

खुर्चीमागे उभा आहे ना, तो उस्ताद. त्याचा हात असा चालायचा की गिऱ्हाईक खुर्चीतच घोरायला लागायचं. केसाला लावण्याआधी कात्री हवेतच दोनदा वाजवायची, कच कच, ही त्याची खोड. एका सकाळी साबणाचा फेस करता करता ब्रश हातातून गळला आणि तोंड वाकडं झालं. लकवा. दवाखान्यातून जीव घेऊन घरी आला, पण उजवा हात नुसता खांद्याला टांगलेला.

घरची माणसं सोन्यासारखी, हीच तर पंचाईत. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, वेळ लागू दे, पण त्याचं त्याला करू द्या. ऐकतंय कोण! शर्टाच्या बटणाकडे त्याचा हात जरा हलला की बायको धावायची. "अहो, राहू द्या, मी लावते ना!" घास बहीण भरवायची. धाकट्या भावाने दुकान सांभाळायला घेतलं. "दादा, तू राजासारखा बस."

राजा बसला. एका दुपारी बायको बटणं लावत होती, तेव्हा त्याची नजर भिंतीकडे गेली. उन्हात दोघांच्या सावल्या पडल्या होत्या. त्याच्या सावलीच्या उजव्या हाताला करंगळी नव्हती.

खाली पाहिलं, तर करंगळी जागच्या जागी.

डोळ्यांना भास झाला असेल म्हणून गप्प राहिला. दुसऱ्या दिवशी बहिणीने तोंड पुसून दिलं, सावलीतला अंगठा गेला. मग हळूहळू सगळा हातच. सांगणार कुणाला? जीभ जड, आणि तोंड उघडलं की वाक्य बायकोच पुरं करायची. "पाणी हवंय ना?" पाणी नको होतं त्याला.

असाच एकदा शेजारच्या दुकानातला शिंपी, त्याचा लंगोटीयार, भेटायला आला. "तुझा धाकटा तयार झाला हं! अगदी तुझाच हात. कात्रीसुद्धा तशीच वाजवतो, कच कच."

उस्ताद खाटेवरून पुढे वाकला. धाकटा डावखुरा.

"कु... कुठल्या... हाताने?"

हे दोन शब्द जुळवायला त्याला केवढा वेळ लागला. शिंपी मध्ये बोलला नाही, थांबला. मग आठवून म्हणाला, "उजव्या." आणि त्याचाही चेहरा उतरला.

शिंप्याचा खांदा धरून उस्ताद दुकानात आला. धाकटा एकटाच झाडत होता, दोन्ही हातांत झाडू. भिंतीवरच्या त्याच्या सावलीला मात्र तीन हात. तिसरा हवेत कात्री चालवत होता. कच कच.

"दादा, मी नाही वाजवत रे," धाकटा रडकुंडीला आला. "तोच वाजवतो."

शिंपी थेट खुर्चीत बसला आणि मान मागे टाकली. "कर माझी दाढी."

"व... वस्तरा?"

"मग काय कात्रीने करतोस? कापलंस तर शिवायला मी आहेच!"

"दादा, थांब, मी धरतो..." धाकटा पुढे झाला.

"तोल गेला तर कमरेला धर," शिंपी गुरकावला. "वस्तऱ्याला हात लावलास तर बघ."

सगळ्या दाढीला फेस लावेपर्यंत आधी लावलेला वाळून गेला. पुन्हा केला. डाव्या हाताने उजवा उचलून धरत उस्तादने वस्तरा गळ्यावर टेकवला. वस्तरा थरथरत होता, शिंपी हलला नाही. एकेक फटकारा आणि भिंतीवर एकेक बोट उस्तादच्या सावलीला येऊन चिकटत होतं. अगदी शेवटी हनुवटीखाली जरासा फेस राहिला. शिंप्याला दया आली बघ, नको तिथे. त्याने टॉवेल ओढला आणि स्वतःच पुसून टाकला.

करंगळी आली नाही. अजून धाकट्याच्याच सावलीत आहे. बघायची तर बघ, पण बोट दाखवू नकोस.

ऊठ, तुझा नंबर आला. गळ्याला कापड बांधताना तो वेळ लावेल. हात थरथरेल, गाठ सुटेल. पडायला लागला तर सावर त्याला. पण हात जोडतो तुला, ती गाठ त्याची त्यालाच बांधू दे.