खिडकीखालचा पोंगा

पहिल्या मजल्यावरच्या नर्सबाईंना अख्खी बिल्डिंग सिस्टर म्हणायची. लहान मुलांच्या वॉर्डात त्यांची रात्रपाळी असे. रात्रभर यंत्रांची टूंटूं, मध्येच कुणा लेकराचं रडणं, मग त्याच्या आईची समजूत. सकाळी घरी येऊन त्या अंथरुणाला पाठ टेकायच्या, नुकता कुठे डोळा लागायचा, आणि कोपऱ्यावरच्या वळणापासून पोंगा सुरू व्हायचा तो थेट त्यांच्या खिडकीखाली येऊन थांबायचा. शाळेच्या बसचा हॉर्न.

कानात कापूस घालून झाला, डोक्यावर उशी घेऊन झाली. एकदा मोडलेली झोप काही परत यायची नाही. दुपारपर्यंत नुसत्या कुशी बदलायच्या. डोकं ठणकायचं, कुणी साधं बोललं तरी अंगावर यायचं. शेजारीपाजारीही वैतागले होते, पण ‘सकाळी सकाळी कोण कटकट करणार’ म्हणून गप्प बसत.

एके दिवशी मात्र सिस्टरांचं डोकं फिरलं. त्या तशाच, विस्कटलेल्या केसांनी खाली गेल्या आणि बससमोर उभ्या राहिल्या.

“हा रस्ता आहे की लग्नाचा मांडव? माणसं राहतात इथे.”

ड्रायव्हर अंगानं आडवा, आवाजानं मऊ. तो म्हणाला, “ताई, हौसेनं नाही हो वाजवत. चौथ्या मजल्यावरचे आजोबा नातीला घेऊन येतात. त्यांचे गुडघे गेलेत. वळणावरून वाजवला की ते जिना उतरायला लागतात. गाडी चालवताना मी फोन धरत नाही, आत लेकरं असतात.”

“मग त्यांना म्हणावं, आधीच उतरून बसा. एका माणसासाठी सगळ्या गल्लीनं जागं व्हायचं का?”

ड्रायव्हरनं नुसती मान हलवली.

दुसऱ्या दिवसापासून पोंगा बंद. सिस्टर अशा झोपल्या की जणू कितीतरी वर्षांची उधारी फेडून घेत होत्या. चेहऱ्यावर तजेला आला. वॉर्डातली आया म्हणालीसुद्धा, “काय सिस्टर, माहेरी जाऊन आलात की काय?”

मग एका सकाळी वॉर्डात एका बाळाची तब्येत अचानक बिघडली आणि त्यांना निघायला उशीर झाला. बाळ सावरलं तेव्हा त्या निघाल्या. बिल्डिंगच्या दारात येतात तो काय, सगळ्यात खालच्या पायरीवर आजोबा बसलेले. गार वारा सुटला होता. त्यांनी आपली शाल नातीला गुंडाळली होती आणि पोर त्यांच्या मांडीवर गाढ झोपली होती. आजोबा एका हातानं तिचं दप्तर आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा गुडघा धरून बसले होते. सिस्टर दिसताच ते उठायची धडपड करू लागले.

“बसा, बसा. इथे का बसलात?”

“बस कधी लवकर येते, कधी उशिरा. मग म्हटलं, आधीच उतरलेलं बरं.” आजोबा ओशाळं हसले. “तुम्हाला फार त्रास झाला हो आमच्यापायी. रात्रभर दुसऱ्यांची पोरं सांभाळता, आणि आम्ही तुमची झोप घालवतो. तिचे आईबाप पहाटेच कामाला जातात, नाहीतर ही वेळ आली नसती.”

आपण काय बोललो होतो ते सिस्टरांना शब्दन् शब्द आठवलं.

“आजोबा, चला वर,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे. माझ्या खिडकीतून वळण दिसतं.”

“नको हो, तुम्ही दमून आलाय.”

“दमलेच आहे. म्हणून तर चहा करणार आहे. एकटीसाठी करायचा जिवावर येतो.”

त्या दिवसापासून तसंच ठरून गेलं. आजोबा आणि नात आपल्या सवडीनं, कठडा धरून, तीन मजले उतरून सिस्टरांकडे यायचे. आजोबा खुर्चीत पाय लांब करून बसायचे. त्यांनी घातलेली नातीची वेणी कानामागेच सुटलेली असायची, ती सिस्टर पुन्हा घालून द्यायच्या. पोरीच्या तोंडाचा पट्टा चालू असायचा. बाई कुणाला रागावल्या, कुणाचा दात पडला, सगळं सांगून व्हायचं. सिस्टरांना वाटलं होतं, रात्रभराच्या गोंगाटानंतर ही बडबड सोसणार नाही. पण ती कानाला कधी टोचलीच नाही. वळणावर बस दिसली की पोरगी “आली” म्हणायची आणि दोघं हळूहळू खाली उतरायचे. ड्रायव्हर इंजिन बंद करून वाट पाहायचा. मग सिस्टर पडदा ओढून आडव्या व्हायच्या.

पुढे एकदा वॉर्डातली रात्र फार वाईट गेली. सिस्टर आल्या, चहा ठेवला. नातीची वेणी घालायला घेतली आणि अर्ध्यातच खुर्चीत त्यांची मान कलली. त्यांना झोप लागली होती.

पोरीनं मागे वळून पाहिलं. आजोबांनी ओठांवर बोट ठेवलं. मग गुडघा आवळत ते उठले, गॅसवरचा चहा उतरवला, पेल्यात ओतून त्यावर बशी झाकली आणि आपली शाल सिस्टरांच्या अंगावर घातली. बस आली तेव्हा पोरगी काही बोलली नाही, नुसती आजोबांची बाही ओढली. दोघांनी चपला हातात घेतल्या, दार हलक्या हातानं ओढून घेतलं आणि अनवाणी पायऱ्या उतरले.

खाली ड्रायव्हरनं तोंड उघडायच्या आतच पोरगी कुजबुजली, “काका, हळू. सिस्टर झोपल्यात.”

त्यानं वर खिडकीकडे पाहिलं. बसमधल्या मुलांकडे वळून बोटानं खूण केली. एका बाजूची वेणी मोकळी, अशी पोरगी आत चढली. बस इतकी सावकाश निघाली की वळणापर्यंत कुणाला तिचा पत्ताही लागला नाही.

सिस्टर जाग्या झाल्या तेव्हा ऊन भिंतीवरून खाली उतरलं होतं. मान आखडली होती, चहा गार झाला होता, आणि अंगावर कुणाची तरी शाल होती. त्यांनी ती काढली नाही. तसाच गार चहा घोट घोट प्यायल्या आणि पुन्हा डोळे मिटले.