गाडी गेली की गोळी

माझा दादा उकंडराव शहाणा माणूस. बैल कोणता घ्यावा, पीक कधी काढावं, हे लोक त्याला विचारायला यायचे. पण बायकोच्या दुखण्यात त्याने अक्कल अशी काही गहाण टाकली, की आज आठवलं तरी मला आधी हसू येतं आणि मग डोळे भरून येतात.

निजामाच्या राज्यातली, पोलीस ॲक्शनच्या आधी दहा-अकरा वर्षांची गोष्ट. पौषात माझ्या वहिनीला, चतुराबाईला, ताप आला. पंधरा दिवसांनी तो उतरला, पण जाताना डाव्या पायातला सगळा जोर घेऊन गेला. उठायला जायची आणि मटकन खाली बसायची. घरात ती, दादा आणि आमचे म्हातारे बाबा. रांधायला कुणी नाही, म्हणून मी कनेरगावहून माहेरी आले.

दादाने तिला बैलगाडीत घालून हिंगोलीला चाँद पाशा हकीमांकडे नेलं. हकीमसाहेबांनी पाय दाबून पाहिला, नाडी पाहिली आणि डबीत मोजून तीस गोळ्या दिल्या. आमच्या गावात घड्याळ नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण रेल्वेचे रूळ गावाच्या शिवारातून जायचे, हेही ठाऊक होतं. ते म्हणाले, "गाडी गई, के एक गोली. समझे? न कम, न जास्ती. कुचले की दवा हय. जास्ती हुई तो हात-पाव आकड जाते, आदमी बचता नै."

त्या वेळी आमच्याकडून दिवसाला दोनच गाड्या जायच्या. सकाळी एक हिंगोलीकडे, संध्याकाळी तीच परत पूर्णेकडे. सकाळी गोळी, संध्याकाळी गोळी, पंधरा दिवसांचं औषध. हिशोब सरळ होता.

दादाने डबी स्वतःच्या ताब्यात ठेवली. मला हातसुद्धा लावू दिला नाही. "तू विसरशीन," म्हणाला. मी विसरणार! तीन लेकरं वाढवलेली बाई मी. पण गप्प बसले, कारण खरं कारण मला कळलं होतं. त्या काळी नवरा दिवसाउजेडी बायकोजवळ बसायचा नाही. बाबा ओसरीवर असताना तर नावच नको. पाणी हवं असलं तरी दादा भिंतीकडे बघून म्हणायचा, "पाणी पाह्यजे." लग्नाला आठ वर्षं झाली होती तरी हेच. गोळीने त्याला आत यायला एक सबब दिली होती. शेतातून यायचा, हात धुवायचा, तिच्या बाजेपाशी जमिनीवर टेकायचा, गोळी तिच्या तळहातावर ठेवायचा, पाण्याचा तांब्या पुढे करायचा आणि ती गोळी घेईपर्यंत भिंतीकडे बघत राहायचा. मग दोन शब्द बोलायचा. "जोंधळा बरा हाय." किंवा, "गाय फळली." एवढंच. पण वहिनीचा चेहरा त्यानंतर घटकाभर उजळलेला असायचा.

सहा दिवस असे गेले आणि महाशिवरात्र आली. औंढ्याची जत्रा! नागनाथाला जाणारं माणूस चोंडी स्टेशनला उतरणार आणि पुढे बैलगाडीने जाणार. रेल्वेने जत्रेसाठी जादा गाड्या सोडल्या. नेहमीच्या दोन धरून, येणाऱ्या-जाणाऱ्या मिळून दिवसाला सहा. माणसं दारांना लोंबकळत होती, टपावर बसली होती, "हर हर महादेव" म्हणत जात होती. एक गाडी गेली की जरा वेळाने दुसरी. आमच्या गावाने एवढ्या गाड्या जन्मात पाहिल्या नव्हत्या.

त्या दिवसांत मी शेतात असायचे. दादाच कामावरून सारखा उठून घरी पळायला लागला, तेव्हा जोंधळ्याची राखण कुणी करायची? बाबा ओसरीवरून ओरडायचे, "उकंडा, गाडी गेली रं!" आणि दादा धोतर सावरत घराकडे सुटायचा. मला वाटायचं, बायकोला बघायला जातो बिचारा, जाऊ दे. तो दर गाडीला गोळी देतो आहे, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. त्याच्या डोक्यात तर दुसरं काही नव्हतंच. हकीम म्हणाले गाडी गेली की गोळी, तर गाडी गेली की गोळी.

जत्रेच्या चौथ्या दिवशी सकाळी पहिली गाडी गेली. मी चुलीपाशी भाकरी थापत होते. दादा आत आला, कोनाड्यातली डबी उघडली आणि तसाच उभा राहिला.

"द्वारके," तो म्हणाला, "गोळ्या सरल्या."

"सरतीन कशा? पंधरा दिवसाच्या व्हत्या. आज दहावा दिवस."

"दर गाडीला देल्या मी."

"दर गाडीला? जत्रेच्या बी?"

त्याने मान हलवली. माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. तीन दिवसांत अठरा गोळ्या! दादाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मग एकदम म्हणाला, "काल तिच्या पायाची बोटं हलून राह्यली व्हती. मला वाटलं, गुण आला. आखडून राह्यली असतीन गं ती. मी मारलं तिला, द्वारके. माझ्या हातानं मारलं."

आणि तो पळत सुटला. पायात वहाण नाही, डोक्याला पटका नाही. पुढची गाडी धरून हिंगोलीला जायचं आणि हकीमसाहेबांकडून उतारा आणायचा, हे त्याने बाबांना पळता पळताच सांगितलं.

मी तशीच वहिनीकडे गेले. ती जागी होती. "कुठं पळाले ते?" तिने विचारलं. मी रडत रडत सगळं सांगितलं आणि तिचे हात चाचपू लागले, आखडलेत का म्हणून.

वहिनी आधी हसली. मग तिचा चेहरा पांढरा पडला. तिने पदराची गाठ सोडली. आत गोळ्या होत्या. मी मोजल्या, बारा.

"सकाळची आन सांजची तेवढी घेत व्हते मी बराबर," ती म्हणाली. "जत्रेच्या गाडीची मुठीत ठेवायची. ते भिंतीकडं पाह्यतेत, त्याह्यला कसं दिसन?"

"मंग सांगितलं काहून न्हाई?"

"पळा ना बाई," एवढंच ती म्हणाली, "त्याह्यला आणा."

मला तिचा असा संताप आला! आणि खोटं कशाला बोलू, हेवाही वाटला. माझ्या नवऱ्याने मला कधी गोळी दिली नव्हती, आणि मी त्याच्यासाठी कधी गोळी लपवली नव्हती. पण हे सगळं मला पळता पळता सुचलं. कासोटा खोचून मी बांधाबांधाने स्टेशनकडे धावत होते. काट्याने पाय फाटले, दम लागला, पण थांबले नाही.

स्टेशन म्हणजे पत्र्याची एक खोली. गाडी येऊन उभी होती आणि आत मुंगी शिरायला जागा नव्हती. दादा एका डब्याच्या पायरीवर एक पाय ठेवून आतल्या लोकांना हात जोडत होता. "मायबाप, जरा सरका. माझी बायको मरून राह्यली." परक्या माणसांपुढे, भरदिवसा, माझा दादा 'माझी बायको' म्हणत होता. शिट्टी झाली.

"दादा, उतर! वैनीनं गोळ्या खाल्ल्या न्हाईत!"

त्याला ऐकू गेलं नाही. गाडी हलली. मी अख्ख्या जत्रेच्या कानठळ्या बसतील अशी ओरडले, "वैनी चांगली हाय रं दादा!"

त्याने उडी मारली. गुडघ्यावर पडला, तसाच उठून माझ्याकडे आला. मी सांगितलं, पदरात बारा गोळ्या बांधलेल्या मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या, वहिनीला काही झालेलं नाही. त्याने दोनदा विचारलं, "खरं?" आणि तिथेच खडीवर बसून तो लहान पोरासारखा रडला. बाया-माणसं खिडकीतून बघत होती. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत उभी राहिले.

घराकडे निघालो तसं त्याचं रडं ओसरलं आणि राग चढायला लागला. विहिरीपाशी म्हणाला, "माझा जीव घेतला असता तिनं." गावात शिरलो तोवर त्याचे कान लाल झाले होते.

बाबा ओसरीवरच होते. दादा त्यांच्यासमोरून सरळ आत गेला आणि वहिनीच्या बाजेपुढे उभा राहिला. भिंतीकडे पाहिलं नाही. तिच्याकडेच पाहिलं.

"काहून केलं असं?" तो ओरडला. "एका शब्दानं सांगता येत नव्हतं? मी येडा, मला कळलं न्हाई. तुला तं कळत व्हतं!"

"कळत व्हतं," वहिनी म्हणाली. तिनेही नजर वळवली नाही. "पर तुमी सहादा येऊ लागले. सांगितलं असतं तं दोनदाच आले असते."

दादा पुन्हा उसळून म्हणाला, "आन मी मेलो असतो म्हंजे? इथून ठेसनावर कसा गेलो, माझं मला ठाव हाय. तू न्हाईस म्हणल्यावर मी काय करणार व्हतो?"

बाहेर बाबा खाकरले. मी दारात उभी होते. तिथून हलावं, एवढी अक्कल मला होती, पण पाय निघेनात.

वहिनीने डोळे पुसले. हातांवर भार देऊन ती बाजेच्या एका कडेला सरकली.

"लई चुकलं माझं," ती म्हणाली. "रागवा. पर उभ्यानं नका रागवू. इथं बसून रागवा."

दादाने एकदा ओसरीकडे पाहिलं. बाबांनी तोंड अंगणाकडे फिरवलं होतं.

दादा बाजेवर बसला.