उजवीकडे कललेली गाडी

व्यंकटी जॅकचा दांडा ओढत राहिला, पण गाडी वर आली नाही. जॅकच आत शिरला. चासीचा, गाडीखालच्या लोखंडी चौकटीचा, पत्रा पापडासारखा मोडला आणि तांबड्या गंजाचा ढीग फरशीवर पडला.

तो गाडीखालून बाहेर सरकला, हात झटकले.

"ताई, ह्यात काय राह्यलं न्हाई. वरून लगीनघर, खालून खतम."

व्यंकटी देगलूरकडचा. नांदेडला जुन्या गाड्यांच्या चासी जोडतो, नव्याही करून देतो. मी नांदेडच्याच एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. त्याला सोबत घेऊन लातूरला आले होते, कारण बाबांनी घराजवळ भाड्याने घेतलेली शेड मालकाला रिकामी करून हवी होती आणि शेडमध्ये बाबांची एवढी एकच मोठी वस्तू उरली होती: लाल रंगाची, दोन माणसांची, कापडी टपाची विलायती गाडी. बाबा फेब्रुवारीत गेले. माझा भाऊ सुगत पुण्याहून फोनवर म्हणाला होता, भंगारवाला नेतो म्हणाला तर नेऊ दे. त्याचं काही चूक नव्हतं. त्या गाडीत त्याला बसायला कधी जागाच मिळाली नव्हती.

बाबा म्हणजे लिंबाजी मिस्त्री. लातूरच्या नांदेड रोडवर त्यांचं कमानपाट्यांचं दुकान होतं. डाळमिलला येणाऱ्या ट्रकांच्या चाकांवरच्या त्या वाकड्या लोखंडी पट्ट्या, एकावर एक रचलेल्या, गाडीचं वजन झेलणाऱ्या. त्या बसवण्यात त्यांचा जन्म गेला. ही गाडी एका मिलमालकाचा मुलगा परदेशी जाताना कोपऱ्यात टाकून गेला होता. बाबांनी ती भंगाराच्या भावात आणली आणि दुकान सांभाळून, सुट्ट्या घालवून चालू केली. माय म्हणाली, "घरात चार माणसं अन् गाडी दोघांची. अक्कल कुठं गहाण ठेवली?" पण पहिल्या रविवारी डाव्या बाजूला तीच बसली.

माय अंगाने भरलेली होती. ती बसताच गाडी डावीकडे वाकली. चौकात कुणीतरी ओरडलं, "मिस्त्री, माल सगळा एकाच अंगाला भरला की!" माय घरी आली. पुन्हा म्हणून बसणार नाही, एवढंच बोलली. बाबांनी त्या आठवड्यात मागच्या डाव्या चाकावर एक पाटा वाढवला. कुणाला सांगितलं नाही. महिनाभराने त्यांनी तिला कसंबसं राजी केलं. ती बसली आणि गाडी सरळ उभी राहिली.

"आज कशी वाकली न्हाई?" तिने विचारलं.

"तू वाळलीस," बाबा म्हणाले.

माय गेली तेव्हा मी एम.ए.ला होते. बाबांनी तो पाटा काढला नाही. डावी बाजू उचललेली आणि उजवी दबलेली, अशीच ते गाडी चालवत राहिले. एकटे बसले की ती आणखी उजवीकडे कलायची. आता तेही नव्हते, पण शेडमध्ये ती तशीच उभी होती, चालकाच्या बाजूला कललेली, जसं कुणी स्टिअरिंगपाशी बसून वाट पाहतंय. बाबा गेल्यावर पहिल्या आठवड्यात दिवेलागणीला मी शेडचं दार उघडलं आणि "चहा झालाय" हे शब्द ओठांपर्यंत आले. शेजारच्या कमलम्मा, मूळच्या उदगीरच्या, शेडवरून जाताना पदर डोक्यावर ओढून घेत. एकदा मला हळूच म्हणाल्या, "उतरले न्हाईत गं अजून."

मी त्यांना वेड्यात काढलं नाही. मलाही ते उतरायला नको होते.

व्यंकटी उपड्या डब्यावर बसला आणि एकेक मार्ग सांगू लागला. बाहेरदेशातून तयार चासी मागवता येते, पण तेवढ्या खर्चात आपण दोघंही नवीन होऊन येऊ, असं म्हणून तो स्वतःच हसला. जुन्या जीपची चासी कापून बसवणं स्वस्तात होतं, पण मग ही गाडी उंटावर बसवलेल्या नवरीसारखी दिसली असती. माझ्या आवाक्यातल्या दोनच गोष्टी उरल्या. कुजलेल्या जागी ठिगळ मारायचं, नाहीतर चौकोनी पाइप जोडून नवी चासी करायची.

"उभी ठिवायची असंल तर ठिगळ मारतो," तो म्हणाला. "चालवायची असंल तर पाइपची करू."

"ठिगळ मारलं तर ती अशीच राहील का? अशीच कललेली?"

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं. लोक त्याला कल जाईल का म्हणून विचारत असणार.

"ऱ्हाईल की. पन तीच तर बीमारी हाय तिची. कोन्या अडान्यानं डावीकडं एक पाटा जास्ती घातलाय. समदं पानी उजव्या अंगाला साचलं अन् चासी कुजली."

"माझ्या वडिलांनी घातला," मी म्हणाले.

तो डब्यावरून उठला. "मिस्त्रींनी? मंग काढायचा इसरले आसतील."

"विसरले नाहीत."

मग मी ठिगळच मारायला सांगितलं. गाडी माझ्या नांदेडच्या घराच्या अंगणात आणून, वर पत्रे टाकून उभी करायची, असं मी मनात ठरवलं होतं. रोज संध्याकाळी घरी कुणी असल्यासारखं वाटलं असतं.

व्यंकटीने ओंडके लावून गाडी उचलली, काम सुरू केलं आणि थोड्याच वेळात मला हाक मारली. बॅटरी हातात देऊन म्हणाला, "तुमीच बघा." मी बाबांच्या गोणपाटावर पाठ टेकून गाडीखाली सरकले. गोणपाटाला अजून ग्रीसचा वास होता. उजव्या बाजूच्या लोखंडात खालून भोकांची रांग पाडलेली होती. काहींच्या कडा गंजून रुंदावल्या होत्या, शेवटची एकदोन त्यामानाने ताजी होती. साचलेलं पाणी निघून जावं म्हणून कुणीतरी पावसाळ्यामागून पावसाळा ड्रिल चालवली होती.

"पाटा काढला आसता तर येक बी भोक लागलं नसतं," व्यंकटी बाहेरून म्हणाला. "भोकांनीच चासीचा जीव गेला."

ट्रकवाल्यांना बाबा नेहमी बजावायचे, एक बाजू उचलाल तर दुसरी माराल. मी एका भोकाच्या कडेवरून बोट फिरवलं. भोकांमधून उजेडाचे ठिपके खाली येत होते. बाबाही इथेच, याच गोणपाटावर, असेच पडत असणार. त्यांनी मायची जागा राखली होती आणि त्यासाठी गाडी थोडी थोडी जाऊ दिली होती. ते त्यांचं होतं. त्यावर मी ठिगळ मारून काय राखणार होते?

"पाइपची करा," मी बाहेर येऊन म्हणाले.

"अन् पाटा?"

"दोन्हीकडं सारखे बसवा."

गाडी टेम्पोवर चढवून नांदेडला नेली. कॉलेज सुटल्यावर मी अधूनमधून व्यंकटीच्या शेडवर जायची. गाडीचा वरचा लाल सांगाडा साखळ्यांना टांगलेला असायचा आणि त्याच्याखाली नवी काळी चासी आकार घेत असायची. मी फार वेळ थांबत नसे.

तयार झाली तेव्हा मी ती स्वतः चालवत लातूरला निघाले, बाबांच्या घरातलं उरलेलं सामान आणायला. काढलेला पाटा व्यंकटीने पोत्यात गुंडाळून खुर्च्यांमागे ठेवला होता. अहमदपूरला चहासाठी थांबले. कप हातात घेऊन वळून पाहिलं आणि क्षणभर मला ती ओळखू आली नाही. रस्त्याच्या कडेला कुणाची तरी लाल गाडी सरळ उभी होती. तिच्यात कुणीच नव्हतं.

लातूरला पोचले तेव्हा कमलम्मा दारातच होत्या. त्या गाडीकडे पाहत राहिल्या, मग माझ्याकडे.

"उतरले म्हन की."

"हाव, अम्मा. उतरले."

मी डावं दार उघडून त्यांना बसायला सांगितलं. त्या लाजल्या. आपलं वजन, आपलं वय, लोक काय म्हणतील, सगळं सांगून झालं आणि मग पदर खोचून बसल्या. गाडी डावीकडे वाकली. त्यांनी घाबरून दार धरलं.

"बघ, वाकली. मी सांगत न्हव्हते?"

"वाकू द्या," मी म्हणाले.

चौकापर्यंत जाऊन आम्ही परत आलो. कुणी हसलं असेल तर ते आम्हाला ऐकू आलं नाही. कमलम्मा उतरल्या, गाडीच्या टपावरून एकदा हात फिरवला आणि आपल्या घरात गेल्या. डावी बाजू हळूच वर आली. मग मीही उतरले. गाडी सरळ उभी राहिली.

मी किल्ली काढून घेतली. उजवीकडचं, बाबांच्या बाजूचं दार मात्र लगेच लावलं नाही.