न वाचलं जाणारं कार्ड

“हे यात जात नाही,” म्हणत दुकानदाराने कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड काचेवर ठेवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

फोटोग्राफरच्या कपाळाची शीर तडतडू लागली. सकाळपासून जावं तिथे हेच. “अहो, या कार्ड रीडरवर लिहिलंय ना, सगळी कार्डं चालतात?”

“सगळी म्हणजे आज मिळतात ती. हे एक्सडी. बंद होऊन जमाना झाला.”

उभी हयात त्याने लोकांचे फोटो काढण्यात घालवली होती. घरी खणात कार्डांचा बाजार भरला होता: जाडजूड सीएफ, जे जरा तिरकं गेलं की रीडरची पिन वाकलीच, एसडी आणि त्याचं नखाएवढं पिल्लू, लांबट मेमरी स्टिक. प्रत्येक कंपनीची वेगळी चूल. त्या सगळ्यांचे रीडर होते. नेमके भाऊजी या पोस्टाच्या तिकिटाएवढ्या तुकड्यात अडकले होते.

भाऊजी गेल्यावर ताई एवढंच म्हणाली होती, “तुझ्याकडे असेल ना रे ह्यांचा एखादा फोटो? माझ्याकडे ओळखपत्रावरचा तेवढा आहे.” भाऊ फोटोग्राफर, आणि घरात फोटो नाही. दिव्याखाली अंधार.

शेवटी एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं, “रीडर कशाला शोधताय? त्या काळातला कॅमेराच घ्या.” भंगाराच्या खोक्यातून त्याने एक कॅमेरा काढून दिला. कार्ड निमूटपणे आत बसलं.

“आता कॉम्प्युटरला जोडायची वायर?”

“वायरही त्यांची वेगळीच. ती नाही माझ्याकडे.”

त्याने त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि कॅमेरा तसाच ताईकडे नेला.

इवल्याशा पडद्यावर भाऊजी दारात उभे होते. हातात पिशवी, भुवया चढलेल्या.

“चांगला नाही आला गं. वैतागलेत.”

“मीच अडवलं होतं दारात, फोटोसाठी. दूध नासेल, दूध नासेल, चाललं होतं त्यांचं.” ताईने कॅमेरा डोळ्यांजवळ नेला. तेवढ्यात पडदा विझला. तिने दचकून त्याच्याकडे पाहिलं.

“काही झालं नाही. आपोआप बंद होतो तो. हे बटण दाब.”

भाऊजी पुन्हा दारात आले.

“उद्या वायर शोधतो. मोठा करून फ्रेम करू.”

पडदा विझला. ताईने बटण दाबलं.