सात हात डावीकडे

माझी ठासणीची बंदूक सरळच मारते. वाकडा आहे तो शेणव्याच्या माळावरचा वारा, पण हे आमच्या संदेशला पटेल तर ना. कसाऱ्याला रेल्वेत लागल्यापासून पोराला कायदा फार सुचतो.

"बा, परवाना सोमवारी संपतो. पन्नास पावलांवरच्या सुपात तीनातल्या दोन गोळ्या घाला, नायतर बंदूक पोलीस ठाण्यात जमा," म्हणाला. रविवारी पाचला बघायला येणार होता.

म्हणून दुपारीच मी आणि धाकलू माळावर. धाकलू माझा जुना सोबती. नळीत दारू ओतायची, चिंधीत गुंडाळून गोळी गजाने ठासायची, हे काम त्याचं. गोळ्याही त्यानेच मासे धरायच्या जाळ्याचं शिसं वितळवून ओतलेल्या. नेम तेवढा माझा.

पहिली गोळी वाऱ्याने अशी उचलली की शहापूर तालुक्यात सुटली आणि मुरबाड तालुक्यात पडली. दुसरी अर्ध्या वाटेत थांबली आणि तिने मागे वळून माझ्याकडे बघितलं, शप्पथ. पुढच्या कुठे जवळ पडायला लागल्या. धाकलू दरवेळी सुपापर्यंत जायचा, मोजायचा आणि ओरडायचा, "उजवीकडं इतके हात, खाली एक वीत." मी ते शेजारच्या पूजाच्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहायचो. दारू किती, वारा कसा, गोळी किती सरकली, किती उतरली. अकरा गोळ्या झाल्या. खांदा सुजला, कान बधिर झाले, पण हिशेब जमला.

पाचला संदेश आला. फटफटी सुपाच्या डाव्या अंगाला मोहाखाली लावली, हेल्मेट आरशाला अडकवलं आणि आमच्या मागे येऊन बसला. मी पत्रिका वाचली, धाकलूजवळ ठेवली. त्याने ठासली, मी उडवली. सुपाच्या मधोमध भोक.

"एक झाली," संदेश म्हणाला. तोंड वाकडं करूनच.

मी धाकलूला म्हटलं, "कागद दे."

"कंचा?"

"पत्रिका रे."

"ती गेली ना गोळीसंगती. चिंध्या सपल्या व्हत्या. जाड कागद, बेस बसला."

"अरे, सगळा हिशेब त्यात होता."

"म्हून तर सुपात गेली, दादा. वाचत वाचत गेली."

दुसरी गोळी आठवणीवर मारली. ती मुरबाडला, दुपारच्या पहिलीच्या शेजारी.

राहिली एक.

"पाच हात डावीकडं धरायचं," मी म्हटलं.

"सात," धाकलू म्हणाला.

"लिहिलं कोणी?"

"मोजलं कोनी?"

बराच वेळ भांडलो. संदेशने दोनदा जांभई दिली. शेवटी धाकलूचं ऐकलं, तिथेच चुकलं. सुपापासून सात हात डावीकडे, एक वीत वर बघितलं, तर नेमकं हेल्मेट. म्हटलं, खूण आयती आहे. हेल्मेटवर नेम धरायचा, वारा गोळीला सुपात नेईल. चाप ओढला आणि त्याच क्षणी ध्यानात आलं, गवताचं पातं हलत नव्हतं. दिवसभर भणाणणारा वारा आम्ही भांडत असताना पडला होता.

संदेशने हेल्मेट आणलं. भोकात बोट घालून माझ्यासमोर धरलं.

"बंदूक सरळ मारते, एवढं तरी कबूल कर," मी म्हटलं.

"कबूल," तो म्हणाला. "ठाण्यात जमा करताना तसं लिहून देतो."

सोमवारपासून बंदूक ठाण्यात आहे. वारा त्याच सकाळी पुन्हा सुटला. त्याला कोणी जमा करत नाही.