कापडाखालची आई

साहेबांच्या राज्यातला तो फोटो. चारेक वर्षांचं पोर, शेजारी उंची मोजायची पट्टी, मागे काळं कापड घातलेला उंचवटा. संग्रहालयात नोंद होती, ‘मूल, खुर्चीसह.’

ती खुर्ची म्हणजे आजोबांची आई.

आणि पोर म्हणजे त्यांचा थोरला भाऊ. तो जन्मभर सांगायचा, “मी सारखा हलायचो, चित्र बिघडायचं. मग साहेबानं आईला कापडाखाली बसवलं, मला तिच्या मांडीवर. तिनं धरलं, तसा मी थांबलो.” पुढे आजोबांना जन्म देताना ती गेली. तिचं दुसरं चित्र नाही. नव्वदीला टेकलेल्या आजोबांना आता एकच हवं होतं. आई बघायची होती.

संग्रहालयानं जुन्या फोटोंतून नवं काही घडवायला आजोबांच्या दोन्ही नातवंडांना एक खोली दिली होती. ताई मातीत काम करणारी, धाकटा संगणकावर. प्रदर्शन आठवड्यावर आलेलं. धाकट्यानं घरातले सगळे चेहरे यंत्राला खाऊ घातले आणि यंत्रानं एक बाई घडवली. देखणी, हसरी.

आजोबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

“गोड आहे रे. कोणाची कोण?”

“आजोबा, तुमची आई!”

“नाक तर माझं. ते रोज आरशात बघतो मी. यात तिचं काय आहे?”

धाकट्याचं तोंड उतरलं. “मग पुसून टाकू?”

“पुसू नकोस. कोणाची तरी असेल बिचारी.”

ताई खुदकन हसली. मग फोटोपाशी वाकून म्हणाली, “या चुण्या मात्र तिच्याच ना? तिच्याच अंगावर पडलेल्या.”

धाकटा पुन्हा बसला. चुणीचुणीतला उजेड, चुणीचुणीतली सावली मोजत यंत्र कापडाचे चढउतार शोधू लागलं. गुडघे वर आले, खांदे वर आले.

“मान वाकडी आलीय. सरळ करतो.”

“खबरदार हात लावलास तर! कापड तिथंच ताणलंय बघ, दीडशहाण्या.”

त्या आकारावरून ताईनं माती लावली. माणसाएवढी बाई, कापडासकट बसलेली, चेहरा नसलेली, एका बाजूला कललेली.

प्रदर्शनाच्या दिवशी दार उघडण्याआधी आजोबांना आत आणलं. त्यांनी हातानं पाहिलं. खांदा, दंड, मग मान. तिथं हात थबकला.

“वाकून बोलतेय,” ते म्हणाले. “पोराच्या कानात. म्हणून थांबला तो.”

आजोबांचा हात मानेवरच होता.

“त्याला सांगितलं. मला सांगायचं राहून गेलं तिचं.” मग लहान पोरासारखं, “मला बसवा ना तिथं.”

“अहो, माती ओली आहे अजून,” संग्रहालयाच्या बाई पुढे झाल्या.

“दबली तर दबू दे,” ताई म्हणाली.

धाकट्यानं स्टूल आणलं. आजोबा टेकले, त्या कललेल्या मानेखाली, खांद्याला गाल लावून, डोळे मिटून. बाहेर माणसं जमली होती. ताईनं दाराला पाठ लावली आणि दार तसंच धरून ठेवलं.

बऱ्याच वेळानं ते उठले. खांद्यावर गालाचा नि कानाचा ठसा उमटला होता. तो बुजवायला ताईनं ओला हात पुढे नेला, क्षणभर थांबली आणि हात पदराला पुसून टाकला.