राखेने काळा झालेला रस्ता

मी एक जुनी जीप आहे, मित्रांनो. आता गंजलेली, पण एके काळी लाहौलच्या बर्फात चारही चाकांनी ओढणारी. माझा जन्म दूर मैदानी मुलखातल्या कारखान्यात झाला. काही वर्षे लष्कराची ओझी वाहिली. मग लिलावात आंगरूपने मला घेतले आणि खिंड ओलांडून आपल्या गावी आणले. त्याच्या आईने, आमा यांगझोमने, माझ्या कपाळाला लोण्याचे बोट लावले आणि मी त्या घरची झाले.

बर्फ सगळ्या गाड्यांवर सारखाच पडतो, मित्रांनो, पण प्रत्येकीला तो वेगळा भेटतो. पल्झोरच्या टॅक्सीला मागची चाके ढकलत. घसरड्यावर तिचे मागचे अंग असे डोले, की वाटावे ही वरातीत निघाली आहे. म्हणून हिवाळ्यात तो डिकीत बटाट्याची पोती भरून फिरे. वजन पडले की चाके जमीन धरत. शाळेच्या मास्तरांची छोटी गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. इंजिनाचा भार त्याच चाकांवर, त्यामुळे वीतभर बर्फात ती मुकाट चढून जाई. पण बर्फ पोटाला टेकला की हट्टी याकासारखी बसून राही. आणि रिगझिनची फटफटी! दोन चाकांवर त्या बिचारीला तोल कुठला? रिगझिन दोन्ही पाय खाली सोडून, बर्फावर घासत घासत तिला पुढे नेई.

आंगरूप त्याला चिडवी, "तू तिच्यावर बसलायस, की तिला फिरायला नेतोयस?"

"आचो, मी पडलो तर कपडे झटकून उठतो," रिगझिन म्हणे. आचो म्हणजे दादा. "तुझी घसरली तर अख्खं गाव दोर घेऊन धावतं."

मला मात्र गर्व वाटे, कारण चढाला माझ्यासारखी मीच. चार चाके म्हणजे कीर्तनातले टाळकरी; एकाचा ताल चुकला तरी बाकीचे सावरून घेतात. पण देवाने ही देणगी ओढण्यापुरतीच दिली आहे. थांबायची वेळ आली की मीही इतरांइतकीच लाचार. निसरड्यावर ब्रेक दाबला की चारही चाके एकदम मुकी होतात. आंगरूपला हे पक्के ठाऊक होते. उताराला तो खालच्या गिअरमध्येच राही, आणि चाकांना लोखंडी साखळ्या बांधल्याशिवाय बर्फात निघत नसे. रस्ता उघडा लागला की त्या काढाव्या लागत. उघड्या डांबरावर साखळ्या तुटतात नि टायर फाडतात.

एका फाल्गुनात आमाचा डोळा ठणकू लागला. काचबिंदूने एक डोळा आधीच नेला होता, आता हा दुसरा. केलाँगच्या डॉक्टरांनी सांगितले, की लगेच खिंडीपलीकडच्या कुल्लूला नेऊन शस्त्रक्रिया केली तरच तो वाचेल. खिंड तर बंद. उरले केलाँगहून उडणारे हेलिकॉप्टर, तेही आभाळ मोकळे असेल तरच. आंगरूप नदीकाठच्या, जवळ पडणाऱ्या पायवाटेने केलाँगला गेला, दुसऱ्या सकाळची जागा मिळवली आणि त्याच वाटेने परतला.

तो गेला असताना गावातल्या बायकांनी एक काम केले. आमच्याकडे पेरणी लवकर साधावी म्हणून शेतातल्या बर्फावर राख टाकतात. काळ्यावर ऊन धरते आणि बर्फाचे पाणी होते. आंगरूपची बायको छिमे आणि तिच्या शेजारणी यांनी घरोघरची राख टोपल्या भरभरून मोटारीच्या रस्त्यावर, गावाबाहेरच्या वळणापुढच्या उतारावर टाकली. आमाची वाट मोकळी व्हावी, एवढाच हेतू. आंगरूपला कुणी बोलले नाही. पुण्य बोलून दाखवले की उणे होते, अशी इथली समजूत.

दुपारच्या उन्हात बर्फ विरघळला आणि रात्रीच्या थंडीत त्या पाण्याची काच झाली.

सकाळी आम्ही वळणावर आलो. पुढे रस्ता काळाभोर. आंगरूपचा चेहरा उजळला. त्याने वळणावरच्या बर्फातच उतरून माझ्या साखळ्या सोडल्या.

"इथं ऊन घटकाभरच येतं रे," आमा आतून म्हणाली. "इतक्यात रस्ता उघडा कसा पडला?"

"देवाला तुझी काळजी आहे, आमा."

चार हात उतरलो आणि माझ्या पायाखालचे सगळे सुटले. त्याने ब्रेक दाबला, मग सोडला, चाक डोंगराच्या बाजूला वळवले. मी कड्यावर आदळले. पुढचा आस मोडला. माणसे वाचली, पण मी जागची हलेना. तेवढ्यात दरीतून घरघर आली, डोक्यावरून गेली आणि केलाँगच्या दिशेला उतरली.

"आलं ना रे ते?" आमाने विचारले.

"आलं," आंगरूप म्हणाला.

त्यानंतर आभाळ मिटले ते बरेच दिवस. पुन्हा हेलिकॉप्टर आले तेव्हा कुल्लूचे डॉक्टर म्हणाले, उशीर झाला, हाही डोळा गेला.

छिमेने घरी सगळे सांगितले आणि ती आमाच्या पायांवर पडली. आमाने तिचे डोके मांडीवर घेतले. "माझ्या कानात तरी सांगायचंस गं," ती म्हणाली. "तुझं पुण्य उणं झालं असतं, तर माझ्यातलं भरून दिलं असतं."

मित्रांनो, मी आता गोठ्यामागे पडून आहे. कुणी माझी चाके नेली, कुणी दिवे. त्याचे मला काही नाही. तुम्हाला एवढेच सांगते, की गाडी चार चाकांची असो वा दोन, रस्ता काळा दिसला म्हणून त्याला मोकळा समजू नका, आधी उतरून त्यावर पाय टेकवून पाहा. आणि कुणाची वाट मायेने सोपी केलीत, तर ते त्याला सांगा. देव काही त्यासाठी रागवायचा नाही.

ऊन पडले की आमा माझ्याकडे येऊन बसते. येताना दर पावलाआधी ती काठी टेकवते, कान देते, मगच पाय टाकते. त्या सकाळी आमच्यातल्या कुणी तिथे एकदा काठी टेकवली असती, तर आज तिच्या हाती काठी आली नसती.